पाहुणे आले, सांगायचं काय? किल्ला-स्कुबा-थाळीच्या पलीकडचा सिंधुदुर्ग दाखवणार कोण

दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरते न ओसरते तोच नाताळची बुकिंग सुरू होतात. आणि मग मालवण, कुडाळ, कणकवलीतल्या घराघरांत एकच फोन येतो. मुंबईचा मावसभाऊ, पुण्यातली मुलाची मैत्रीण, कोल्हापूरचे साहेब, कुणीही असो, प्रश्न ठरलेला. "आम्ही सहा जण येतोय, दोन दिवस आहोत, काय काय बघायचं?"

आपलं उत्तरही ठरलेलं. "सकाळी किल्ला करा, मग तारकर्लीला स्कुबा करा, दुपारी मासे खावा, संध्याकाळी देवबागला जावा." चार वाक्यांत जिल्हा संपला!

हे उत्तर चुकीचं नाही. किल्ला बघायलाच हवा, मासेही खायलाच हवेत. पण हजारो घरांतून, लॉजच्या काउंटरवरून, रिक्षातून हेच उत्तर जातं, तेव्हा त्याचा एक मोठा परिणाम होतो. मालवण जेटीपासून देवबागच्या टोकापर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात, वर्षातल्या ठरावीक पंधरा-वीस दिवसांत, सगळे पाहुणे येऊन आदळतात. रस्ता तुंबतो, विहिरी आटतात, होड्यांवर ताण येतो. आणि तिथून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावाला पर्यटन म्हणजे फक्त धुरळा उडवत जाणाऱ्या गाड्या.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याला पाव शतकाहून जास्त काळ लोटला. रस्ते, विमानतळ, पुतळा, जागतिक वारसा यावर भरपूर चर्चा झाली, होत राहील. पण पाहुण्याला आपण काय सांगतो आणि काय सांगत नाही, यावर कुणी बोलत नाही. खरं तर पर्यटनाचा निम्मा नकाशा तिथेच आखला जातो.

गर्दी वाढणार, हे आता नक्की

गेल्या दोन-तीन वर्षांत मालवणचं नाव देशभर गेलं. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन इथे साजरा झाला, राजकोटला शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला आणि मालवण वेगळ्याच कारणाने चर्चेत आलं. २०२५ मध्ये तिथे नवा, आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले दोन आपल्या जिल्ह्यातले, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. शिवाय निवती रॉकजवळ 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त युद्धनौका समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प हाती घेतलेला आहे.

चिपीची विमानं कधी चालू, कधी बंद, पण सीमेपलीकडे गोव्यातलं मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून जोरात चालू आहे. म्हणजे माणसं येणार. ती कुठे जाणार, किती दिवस राहणार, कुणाच्या घरात जेवणार आणि सुखरूप परत जाणार का, हा प्रश्न आहे.

आज सरासरी पाहुणा काय करतो ते आपण डोळ्यांनी बघतो. रात्री गाडी काढून पहाटे पोहोचतो, एक रात्र राहतो, दुसऱ्या दिवशी दुपारी गोव्याकडे सुटतो. मोबाइलवर रील बघून आलेला असतो. रीलमध्ये असतात तीन गोष्टी : निळं पाणी, पॅराशूट आणि सुरमईची तुकडी. त्या तीन मिळाल्या की त्याचं मालवण झालं.

सांगणारा बदलला

पूर्वी पाहुणा घरी उतरायचा. काय बघायचं ते घरातलं माणूस ठरवायचं. पाण्यात जायचं की नाही ते आजोबा सांगायचे. "समुद्र आज बरो नाय, उद्या जावा," एवढं म्हटलं की विषय संपला. सांगणाऱ्याला पाहुण्याकडून काही मिळायचं नव्हतं, आणि पाहुण्याला काही झालं तर आयुष्यभर तोंड दाखवायची पंचाईत. त्यामुळे सल्ल्याला वजन होतं.

पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेनंतर आपल्याकडे घरगुती निवासाची पद्धत रुजली, ती चांगलीच झाली. खळ्यात खुर्ची टाकून बसलेल्या पाहुण्याला घरमालक गावाबद्दल सांगू लागला. पण हंगाम मोठा झाला तसा मधला माणूस आला. रस्त्यात गाडी अडवून "सर, स्कुबा?" विचारणारा, पॅकेज विकणारा, प्रत्येक माणशी कमिशन घेणारा. त्यात बरीच आपलीच पोरं आहेत. गावात दुसरा रोजगार नाही, म्हणून उन्हात उभी राहतात. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. पण ज्याचं पोट तुम्ही आज होडीत बसण्यावर अवलंबून आहे, तो तुम्हाला "आज पाण्यात जाऊ नका" कसं सांगणार?

कमिशनवाल्याला एकच वस्तू विकायची असते. दशावतार बघा, धामापूरला जा, रापण ओढायला या, हे सांगून त्याला काही सुटत नाही. म्हणून तो ते सांगत नाही. आणि घरचा माणूसही सीझनच्या धावपळीत तेच पॅकेज पुढे करतो, कारण ते सोपं आहे.

न सांगितलेल्या गोष्टीची किंमत

ही किंमत आपण मोजलेली आहे. १५ एप्रिल २०१७ ला वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे सात विद्यार्थी आणि एक प्राध्यापक बुडाले. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी होडी उलटली, दोन पर्यटक गेले. हंगाम बंद व्हायच्या अगदी तोंडावरची ती घटना. आणि ३ ऑक्टोबर २०२५ ला शिरोडा-वेळागरला जे घडलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या कुटुंबात बेळगावकडचे पाहुणे होते, तसे कुडाळ तालुक्यातले घरचेही होते. एकमेकांना वाचवायला धावले आणि माणसं गेली.

प्रत्येक वेळी बातमी होते, शोकसभा होते, जीवरक्षकांची मागणी होते. मागणी रास्तच आहे. ज्या किनाऱ्यावर पाहुणे आणायचे तिथे जीवरक्षक, झेंडा आणि दोर हे असायलाच पाहिजे. पण जीवरक्षक किनाऱ्यावर भेटतो. त्याआधी पाहुणा आपल्या ओटीवर चहा पीत असतो. तिथे दोन वाक्यं बोलली गेली असती तर?

आपल्याला जे माहीत आहे ते घाटावरच्या माणसाला माहीत नसतं, हे आपण विसरतो. त्याला समुद्र म्हणजे मोठा तलाव वाटतो. लाटा फुटत नाहीत ती जागा त्याला सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात लाटांच्या रांगेत मध्येच जो सपाट, गढूळ पट्टा दिसतो तिथूनच पाणी आत ओढत असतं. खाडीच्या मुखाशी, म्हणजे देवबागच्या संगमासारख्या ठिकाणी, ओहोटीला नदी आणि समुद्र दोघं मिळून ओढतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ जास्त असते. ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसायचं नाही, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग बाहेर यायचं. आणि बुडणाऱ्याच्या मागे पोहता न येणाऱ्याने उडी टाकायची नाही. दोर, टायर, रिकामा कॅन, हाताला येईल ते तरंगणारं फेकायचं.

भरतीचा हिशेब तर आपल्या जुन्या माणसांच्या तोंडावर असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण अंदाज पक्का. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हे गणित आपण पाहुण्याला सांगतो का? त्याला वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवून देतो. भरती-ओहोटीची वेळ मात्र देत नाही.

एका तालुक्यात तीन वारसे, गर्दी एकाच ठिकाणी

आता दुसरी बाजू बघू. मालवण तालुक्याचंच उदाहरण घ्या.

पहिला वारसा सिंधुदुर्ग किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर बांधकामाचा मुहूर्त झाला, १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. तिथे बहुतेक पाहुणे होडीवाल्याने दिलेल्या तासाभरात धावत-पळत फिरतात. शिवराजेश्वराच्या मंदिरात डोकं टेकतात, तीन गोड्या पाण्याच्या विहिरींत डोकावतात, फोटो काढतात, परत. ज्या जागेवर किल्ल्याचा मुहूर्त झाला तो मोरयाचा धोंडा दांडी किनाऱ्याला, शहरातच आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ला बघायला आलेल्या दहांतले नऊ जण तिथे जात नाहीत, कारण कुणी सांगत नाही. तिकीट नाही, होडी नाही, कमिशन नाही. खरं तर आधी धोंडा, मग किल्ला, हा क्रम लावला तर किल्ल्याची गोष्टच वेगळी समजते.

दुसरा वारसा धामापूरचा तलाव. १५३० साली बांधलेला. तलावाच्या काठावर भगवतीचं देऊळ, मागे गर्द झाडी. जुन्या सिंचन व्यवस्थांची जी जागतिक वारसा यादी आंतरराष्ट्रीय सिंचन आयोग करतो, त्यात धामापूरचं नाव २०२० मध्ये गेलं. म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षं तलाव काम करतोय. कुडाळ स्टेशनला उतरून नेरूरपार मार्गे मालवणला येणारा माणूस त्याच्या शेजारून जातो. काच खाली करून बघतही नाही.

तिसरा कुडोपी. सड्यावरची कातळशिल्पं. कोकणातल्या कातळशिल्पांचा प्रस्ताव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला, त्यात सिंधुदुर्गातून कुडोपीचं नाव आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी जांभ्यावर बसून माणसं, जनावरं, मासे कोरले. आपल्यापैकी किती जणांनी ते बघितलं आहे? प्रामाणिकपणे उत्तर द्या!

म्हणजे एकाच तालुक्यात समुद्रातला किल्ला, गावाचा तलाव आणि सड्यावरची शिल्पं, तिन्ही जागतिक पातळीवर नोंद झालेली. पर्यटनाचा पैसा मात्र पहिल्याच्या आसपास फिरतो. धामापूर आणि कुडोपीची नावं फलकावर आहेत, लोकांच्या तोंडात नाहीत.

तालुक्याबाहेर पडलं तर यादी वाढतच जाते. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याने गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या महिला कांदळवनातून होडीची सफर घडवतात. स्वतः वल्हवतात, स्वतः माहिती सांगतात. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा आहे. देवगडला कुणकेश्वर आणि त्यापुढे विजयदुर्ग आहे, तोही आता जागतिक वारसा. तरी मालवण बघून झालेला पाहुणा विजयदुर्गला न जाता गोव्याला जातो, कारण त्याला रस्ता आणि वेळ कुणी जुळवून दिलेली नसते.

"आमच्या धंद्याचं काय?"

तारकर्ली-देवबागच्या एखाद्या निवासवाल्याने हे वाचलं तर तो म्हणेल, आम्ही कर्ज काढून खोल्या बांधल्या, सीझन चार महिन्यांचा, आणि तुम्ही पाहुण्यांना दुसरीकडे पाठवायला सांगता?

प्रश्न बरोबर आहे, पण हिशेब उलटा आहे. आज पाहुणा एक रात्र राहतो कारण त्याची यादी एका दिवसात संपते. किल्ला झाला, स्कुबा झाला, आता काय करायचं? त्याला जर कळलं की उद्या सकाळी धामापूर, दुपारी पिंगुळी, रात्री जवळच्या गावात दशावतार आहे, तर तो दुसरी रात्र राहील. झोपायला तो तुमच्याच खोलीत येईल. त्याच खोलीला, त्याच पाण्याच्या टाकीला, एका पाहुण्यामागे दुप्पट उत्पन्न. नवीन खोली बांधावी लागली नाही.

पाण्याचं तर नीट समजून घ्यायला हवं. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आणि मध्ये वाळूचा पट्टा. अशा जमिनीत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखं असतं. पावसाचं मुरलेलं तेवढंच. पंपाने जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं, आणि एकदा विहीर खारी झाली की ती पाहुण्याचीही नाही आणि घरच्याचीही नाही. नाताळच्या आठवड्यात एकाच वाडीत शेकडो बाथरूम चालू असतात, त्याचं बिल एप्रिल-मे मध्ये येतं. माणसं थोडी पसरली, दिवसांत आणि गावांत विभागली, तर यात देवबागचाच फायदा आहे.

समुद्राचंही तसंच. किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ बघायला माणसं येतात आणि त्याच प्रवाळावर नांगर पडतो, पाय पडतात, माशांना पाव-बिस्किटं टाकली जातात. प्रवाळ मेला की स्नॉर्कलिंग संपलं. मग पॅकेजमध्ये काय विकणार?

आणि किनारा फक्त पाहुण्यांचा नाही. तो आधी रापणकरांचा आहे. सकाळी जाळी ओढायला मोकळी पुळण लागते. तिथे तंबू, खुर्च्या, गाड्या आल्या की वाद होतात, झालेही आहेत. रापण हीच एक बघण्याची गोष्ट आहे, हे पाहुण्याला सांगितलं तर तो लवकर उठून येईल, दोराला हात लावेल, ताजा मासा तिथेच विकत घेईल. न सांगता आला तर तोच माणूस जाळ्यावरून गाडी घालेल.

सगळ्यांना सगळीकडे पाठवायचं नाही

इथे एक सावधगिरी हवी. गर्दी उचलून आतल्या गावात टाकणं हा उपाय नाही. कुडोपीच्या शिल्पांवर बूट घालून पन्नास माणसं नाचली तर रेषा झिजतील. धामापूरच्या काठावर डीजे लागला तर देवीचा कोपही होईल आणि पक्ष्यांचाही. कासवांच्या किनाऱ्यावर, वायंगणी किंवा तांबळडेगला, पिल्लं समुद्रात जाताना मोबाइलचे फ्लॅश मारले तर ती भरकटतात.

म्हणून अशा ठिकाणी तीन अटी असाव्यात. गावातला वाटाड्या बरोबर असलाच पाहिजे आणि त्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. एका वेळी किती माणसं, ते ग्रामपंचायतीने ठरवावं. आणि जिथे शौचालय, कचरा, गाडी लावायची सोय नाही तिथे सोय होईपर्यंत मोठे गट पाठवू नयेत. गावाने "आता नको" म्हटलं तर तेही ऐकावं. आचऱ्याला गावपळणीत अख्खं गाव देवाच्या हुकमाने तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. त्याचा तमाशा करायला नको, एवढं आपणच पाहुण्याला सांगायला हवं.

जत्रांचंही भान असावं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला तिथी नाही, देवीचा कौल मिळाला की तारीख ठरते. त्या दिवशी मालवण-कणकवली भागात खोली, गाडी, रस्ता काही मिळत नाही. भक्त म्हणून येणाऱ्याने यावं, नुसत्या समुद्रासाठी येणाऱ्याला आधीच सांगावं की पुढच्या आठवड्यात ये.

हंगामाप्रमाणे उत्तर बदला

"काय बघायचं?" या प्रश्नाला पहिला उलटा प्रश्न हवा, "कधी येतोस?"

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : किल्ले, रापण, जत्रा आणि दशावतार. गावोगावी दहीकाले असतात. रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. २०२५ मध्ये आलेल्या 'दशावतार' सिनेमामुळे बाहेरच्यांना नाव माहीत झालंय. खरा प्रयोग देवळासमोरच्या मांडावर बघायला त्यांना पाठवा. जमिनीवर बसायची तयारी आणि एक शाल एवढं पुरे.

मार्च ते मे : काजू, आंबा, रतांबे. फेब्रुवारी-मार्चपासून कासवांची पिल्लं. ओल्या काजूगरांची उसळ एकदा खाल्लेला माणूस सुरमई विसरतो. या दिवसांत उन्हात किल्ला नको, सकाळी लवकर करा. दुपारी घरात, संध्याकाळी खाडी.

जून ते ऑगस्ट : समुद्र बंद. किल्ल्याची प्रवासी होडी नाही, स्कुबा नाही. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी. या काळात "ताजी सुरमई" मागणाऱ्याला खरं सांगा. सुका बांगडा, सुकी सुंगटां, गोलमा आणि पेज, हे खरं पावसाळी जेवण. बघायला आंबोली, कणकवलीचा सावडाव, वैभववाडीचा नापणे. नापण्याला आता काचेचा पूलही झालाय. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या छोट्या माशामुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली, हे किती जण सांगतात?

गणपतीत : चाकरमानी घरी असतात, घरं भरलेली असतात. पर्यटक म्हणून येऊ नका, कुणाच्या घरचे होऊन या.

जेवणाबाबत एकच. पाहुणा पापलेट-सुरमईचाच हट्ट धरतो, म्हणून भाव चढतात आणि कधी बर्फातला मासा ताजा म्हणून ताटात येतो. "आज काय आलंय ते दे," असं मागायला शिकवा. बांगडा, पेडवे, सौंदाळे, तिसऱ्या, कुर्ल्या. संध्याकाळी बंदरावरचा लिलाव बघून आलेला माणूस हा हट्ट आपोआप सोडतो. न्याहारीला पाव-आम्लेट न देता घावणे, आंबोळी, शिरवाळे दिले तर त्यासाठीच तो पुन्हा येतो, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

एक फळा लावा

सरकारने काय करावं याची यादी मोठी आहे : जीवरक्षक, होड्यांची काटेकोर तपासणी, एसटीच्या वेळा, माहिती केंद्र. ती मागणी चालूच राहावी. पण एक गोष्ट उद्या सकाळी, कुणाच्या परवानगीशिवाय करता येईल. प्रत्येक निवासाच्या, खानावळीच्या दारात एक काळा फळा लावा. रोज सकाळी खडूने चार ओळी लिहा.

आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता.
आज पाण्यात कुठे जाऊ नये.
आज जवळपास जत्रा, दशावतार, बाजार कुठे आहे.
आज ताजं काय आलंय.

खर्च जवळजवळ शून्य. ज्याला पाचव्या ओळीची हौस आहे त्याने होडीत बसण्यापूर्वीचे प्रश्न लिहावेत : होडीला मेरीटाइम बोर्डाची परवानगी आहे का? किती माणसांची आहे आणि किती बसलीत? प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आहे का? यातल्या एकाचंही उत्तर "नाही" आलं तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. प्रामाणिक होडीवाल्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट नियम पाळून धंदा करणाऱ्याला यानेच न्याय मिळेल. आज तो आणि स्वस्तात कोंबून नेणारा, दोघं एकाच रांगेत उभे आहेत आणि पाहुण्याला फरक कळत नाही.

'येवा, कोकण आपलोच आसा' असं आपण अभिमानाने म्हणतो. बोलावलं की जबाबदारी आली. तेव्हा पुढचा फोन येईल तेव्हा घाई करू नका. कधी येताय, किती दिवस, बरोबर लहान मुलं-म्हातारी माणसं आहेत का, कुणाला पोहता येतं का, एवढं विचारा. दोन दिवसांचे तीन करा म्हणावं. एक दिवस किल्ला आणि दांडी, एक दिवस धामापूर आणि पिंगुळी, एक दिवस नुसतं गावात बसायला. आणि शेवटी एवढं नक्की सांगा : पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कुणा म्हाताऱ्याला विचारा. तो "नको" म्हणाला तर नको.